ई आधी, आय नंतर

माझ्या हातून 'रिसीव्ह'चं स्पेलिंग आजवर चुकलेलं नाही. माझ्या पश्चात जे कोणी दोन शब्द बोलतील, त्यातला एक तरी याबद्दल असावा, अशी माझी माफक अपेक्षा आहे. बाकी सांगण्यासारखं फारसं काही नाही. मित्रांनी तळेगावला प्लॉट घेतले, कुणी सोसायटीचे चेअरमन झाले, एकाला तर गुडघे बदलल्यावर ट्रेकिंगचा नाद लागला. मी आपला आर, ई, सी, ई, आय, व्ही, ई. सीनंतर ई आणि मग आय. भलेभले इथे आय आधी घालतात आणि तोंडघशी पडतात. मी पडत नाही. पडत नाही एवढंच नव्हे, पडलेल्यांना बघायला थांबतो.

आमच्या सोसायटीच्या पावतीपुस्तकात वरच 'रिसीव्ह्ड विथ थँक्स फ्रॉम' असं छापलेलं आहे, आणि त्यात अर्थातच आय आधी, ई नंतर. मेंटेनन्सची पावती हातात पडली की मी रक्कम बघत नाही. लाल पेन काढतो, प्रूफरीडर काढतात तशी आडव्या एसची खूण त्या दोन अक्षरांभोवती काढतो आणि मगच पावती फाइलला लावतो. वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' आले की सगळे माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतात. मी उठतोच. गच्चीवरच्या टाकीची गळती आणि पार्किंगमधली भांडणं यांच्या मध्ये कुठेतरी मी ई आणि आय यांचा प्रश्न मांडतो. खजिनदार म्हणतात, "काका, रक्कम बरोबर आहे ना? मग झालं तर." चेअरमन म्हणतात, "पुढच्या छपाईत बघू." पुढची छपाई येते, आय जागच्या जागी असतो. घरी परतताना जिन्यातच बायको सुरू करते, "अहो, टाकी गळतीय त्यावर बोला की कधीतरी. आय कुठे पळून जात नाही."

तिला कोण सांगणार की आय पळून जात नाही हेच तर दुखणं आहे!

आता हे स्पेलिंग चुकू नये म्हणून काय करावं, याचा एक नियम पिढ्यान् पिढ्या शिकवतात. आय आधी, ई नंतर. मात्र मागे सी असेल तर उलट. ऐकायला मोठा सुटसुटीत. बिलीव्हमध्ये आय आधी, रिसीव्हमध्ये ई आधी. पण याच्या भरवशावर दोन पावलं पुढे गेलं की 'वीअर्ड' आडवा येतो, 'सीझ' येतो, 'फॉरेन' आणि 'हाइट' येतात. यातल्या एकातही ई-आयच्या मागे सी नाही, तरी ई आधी. उलट 'सायन्स', 'एन्शन्ट', 'स्पीशीज' यांत सी डोळ्यांसमोर असून आय पुढे. शेवटी २००९ साली इंग्लंडमध्ये शिक्षकांसाठी जी सरकारी मार्गदर्शिका निघाली, तिने सांगून टाकलं की हा नियम शिकवण्याच्या लायकीचा नाही. अपवाद फार आहेत. हे वाचलं त्या दिवशी मी जेवलो, पण अन्नाला चव नव्हती. ज्या नियमावर मी इतकी माणसं तोलली, त्याच्या जन्मगावीच त्याला शाळेतून काढलं होतं.

मला विचाराल तर नियम सोडा आणि एक घराणं लक्षात ठेवा. रिसीव्ह, डिसीव्ह, कन्सीव्ह, पर्सीव्ह ही चार भावंडं, त्यांची रिसीट, डिसीट, कन्सीट ही पोरं, आणि नात्यात नसूनही त्याच ओळीत बसलेलं सीलिंग. रोजच्या लिहिण्यात सीनंतर ई-आय येतो तो मुख्यतः यांच्यात. ही मंडळी फ्रेंचमधून आली, येताना ई-आय हा क्रम सोबत घेऊन आली आणि तो त्यांनी सोडला नाही. यातल्या कन्सीटचा अर्थ गर्व असा आहे आणि त्याचंही स्पेलिंग मला येतं, हे बायकोने एकदा चारचौघांत सांगितलेलं आहे.

पण खरं सांगायचं तर नियम काय आणि घराणं काय, हे सगळं मला फार नंतर कळलं. आमची पिढी पाचवीपासून इंग्रजीवाली. राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली; तोवर आमची हाडं जून झाली होती. आम्ही इंग्रजी स्पेलिंग शिकलो ते मराठीतून. म्हणजे शब्द दिसेल तसा, एकही अक्षर उपाशी न ठेवता, मोठ्याने वाचायचा. 'नॉलेज' कधी नॉलेज नव्हतं, ते 'क्नोवलेडगे' होतं. बुधवार 'वेडनेसडे' होता. जीभ 'टोंगुए' होती. सुंदर म्हणजे 'बेऔटीफूल', मानसशास्त्र म्हणजे 'पिसायचोलोगी'. कर्नल आमच्याकडे 'कोलोनेल' म्हणून भरती व्हायचा आणि लेफ्टनंटची फोड 'लाय, यू, टेन, अँट' अशी होती. म्हणजे खोटं, तू आणि दहा मुंग्या. ही चार माणसं मिळून सैन्यात काय करतात, असं कोणी विचारत नसे, कारण स्पेलिंग बरोबर येत होतं. पुढे आयुष्यात खराखुरा लेफ्टनंट पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्याशी बोलताना मनात मुंग्या मोजत होतो. बिलीव्ह होतं 'बेलीएवे' आणि रिसीव्ह होतं 'रेकेईवे'. तुम्ही हसा, पण एकदा 'रेकेईवे' म्हणून बघा आणि मग आय आधी घालून दाखवा. जीभच वळत नाही. लॅटिन, फ्रेंच, अपवाद, उपअपवाद, सगळ्यांची वाट या एका शब्दाने बंद करून टाकली. ज्याने कोणी हा उच्चार पहिल्यांदा काढला, तो कुठल्यातरी शाळेतल्या शेवटच्या बाकावर बसला असणार. इंग्लंडातल्या कुठल्याही तज्ज्ञ समितीला इतका बिनचूक उपाय सुचल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

उच्चाराने कंठ तयार होतो, पण परीक्षा घ्यायला समोर कोणीतरी लागतं. आमच्या घरी ते काम आईकडे होतं. आई व्हर्नाक्युलर फायनल झालेली. त्या परीक्षेत इंग्रजी नव्हतं, त्यामुळे ए, बी, सी, डी तिने माझ्या पाचवीच्या पुस्तकातून माझ्याबरोबरच शिकून घेतली. संध्याकाळी ती तांदळाचं ताट मांडीवर घेऊन बसायची, ताटाच्या कडेला माझं पुस्तक टेकवलेलं. "म्हण," म्हणायची. मी म्हणायचो. खडे वेचता वेचता तिची नजर पुस्तकातल्या एकेका अक्षरावरून फिरत असे. मी घाईने आय आधी म्हटला की हात थांबायचा. "आय आधी आला. परत."

"अगं, पण तुला याचा अर्थ तरी माहितेय का?" मी एकदा चिडून विचारलं होतं.

"मला कशाला हवाय अर्थ? अर्थ सर सांगतील. माझं काम अक्षरं बघायचं."

माझ्या इंग्रजीचा जो काही रुबाब आहे, तो अशा बाईच्या सहीने बाहेर पडलेला आहे. ती शेकडो स्पेलिंगं तपासत होती आणि त्यातल्या बहुतेकांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. सर अर्थ सांगत होते की नाही, हा वेगळा विषय आहे. सरांचं बोट बहुतेक वेळा 'पाठ करा' याच दिशेला असे.

आईची ती सवय अजून गेलेली नाही. छापील इंग्रजी दिसलं की ती अक्षर अक्षर मोठ्याने म्हणते. असंच एकदा पावतीवरचं 'रिसीट' वाचता वाचता ती थबकली. "यात हा पी कशाला? तुम्ही तर रिसीट म्हणता. पीला कोणी विचारत नाही."

मी सरसावलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी आपण होऊन हा प्रश्न विचारला होता. मी सांगितलं, की फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात पी नव्हता. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात विद्वान लोकांना लॅटिनचं वेड लागलं. मूळ लॅटिन शब्दात पी आहे, तर तो इंग्रजीतही दिसला पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यात बी घुसवला, कारण लॅटिनमध्ये बी. 'डाउट'मध्ये बी, तेच कारण. 'आयलंड'मध्ये एस घातला, तो तर चक्क चुकून. तो शब्द अस्सल इंग्रजी मातीतला, त्याचा लॅटिनशी काही संबंधच नव्हता. शेजारच्या फ्रेंच 'आइल'कडे बघून यांनी नातं जोडून टाकलं. आणि गंमत अशी, की रिसीटला पी दिला, पण तिच्या सख्ख्या बहिणींना, डिसीटला आणि कन्सीटला, दिला नाही.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे बोलायला नाही, नुसता मिरवायला," ती म्हणाली. "आमच्या वेळी 'पांच'वर टिंब होतं, 'नांव'वर टिंब होतं, 'घरांत'वर होतं. कुठे कोणी म्हणत होतं ते? तुम्ही काढून टाकलंत. पाचाचे काही सहा झाले नाहीत."

आई व्याकरण शिकलेली नाही, पण मुद्दा तिने नेमका पकडला होता. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम केले तेव्हा उच्चारात नसलेले ते अनुस्वार पुसून टाकले. व्युत्पत्ती सांगणारे पंडित हळहळले. घराघरांतले लोक मात्र थोडे दिवस अडखळले आणि मग टिंबं विसरले. इंग्रजीला हे जमलेलं नाही. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८च्या कोशात 'कलर'मधला यू उडवला तो उडाला, पण त्याने सुचवलेल्या बाकीच्या कितीतरी धाडसी दुरुस्त्या लोकांनी त्याच्या तोंडावर परत केल्या. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ साली सरकारी छपाईत तीनशे शब्दांची स्पेलिंगं सोपी करायचा हुकूम काढला, तर संसद बिथरली आणि त्यांना तो गुंडाळावा लागला. बर्नार्ड शॉ १९५०मध्ये गेले ते इंग्रजीसाठी नवी लिपी तयार करायला मृत्युपत्रात पैसे ठेवून. त्या पैशातून लिपी झाली, त्यांचं 'अँड्रोक्लीज अँड द लायन' तिच्यात छापूनही निघालं. साल तेच, १९६२. आमची टिंबं गेली ती गेलीच. शॉसाहेबांची लिपी हौशी लोकांच्या कपाटात राहिली.

का राहिली, याचं उत्तर मला माझ्याकडे बघून मिळतं. इंग्रजी स्पेलिंग हा टोलनाका आहे. पाचवीपासून सुरुवात करून, मुंग्या मोजत, रेकेईवे घोकत मी तो टोल पै-पै करून भरला. आता मागून येणारा कोणी न भरता सुटतोय असं दिसलं, की मी खिडकीतून अर्धा बाहेर येतो. मला त्या रस्त्याशी काही देणंघेणं नसतं. मी भरला तर तू का नाही, एवढंच. डेटमध्ये बी घालणारे विद्वानही हेच करत होते. लॅटिन शिकायला त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या, त्या वसूल करायच्या होत्या.

हे मी हसत लिहितोय, पण एका ठिकाणी मला हसू येत नाही. एका बँकेत आईने पैसे काढायची स्लिप इंग्रजीत भरली. मराठीत भरली असती तरी चाललं असतं, पण तिला इंग्रजीतच भरायची होती. इतक्या वर्षांच्या तांदूळ निवडण्याचं काहीतरी चीज व्हायला हवं होतं. रक्कम चाळीस हजार. 'फोर्टी'मध्ये तिने यू घातला. तिचा हिशेब साधा होता: चारमध्ये यू आहे, तर चाळिसात का नसावा? काउंटरवरच्या माणसाने स्लिप उलटी फिरवून रांगेला दाखवली आणि म्हणाला, "आजी, आधी स्पेलिंग शिकून या, मग पैसे काढा." रांगेतले दोघंतिघं हसले. आईने स्लिप परत घेतली, दुसरी मागून घेतली आणि ती मराठीत भरली. पुढे तिने कधी इंग्रजीत स्लिप भरली नाही. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि राग यायला आणखी एक कारण होतं: तो आवाज माझ्या ओळखीचा होता. वार्षिक सभेत तो माझाच असतो.

आणि हा टोल कोणाच्या नाक्यावर भरतोय आपण? ज्यांनी भायखळ्याचं 'बायकुला' केलं, शीवचं 'सायन' केलं, खडकीचं 'किर्की' केलं आणि पुण्याचं 'पूना'. आमच्या गावांची नावं त्यांनी कानाला जशी वाटली तशी लिहिली, दीडशे-दोनशे वर्षं तशीच चालवली, आणि त्यांच्यातल्या एकालाही कुठल्या रांगेत उभं करून कोणी हसलं नाही. सायनची पाटी अजून स्टेशनवर ऐटीत उभी आहे. आणि आमची आई एका यूपायी मराठीत परतली.

मोठमोठ्यांनाही हा नाका सोडत नाही, हे खरं. १९९२ साली अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या एका शाळेत गेले होते. एका मुलाने फळ्यावर 'पोटॅटो' बरोबर लिहिला, तर यांनी त्याला शेवटी आणखी एक ई जोडायला लावला. त्यांच्या हातातल्या कार्डावरच तसं लिहिलेलं होतं. माणूस पुढे काय काय बोलला, कोणाच्या लक्षात नाही. बटाट्याला चिकटलेला तो ई मात्र आजही त्यांच्या नावाआधी आठवतो. ती बातमी मी तेव्हा किती मिटक्या मारत वाचली होती, ते सांगत नाही.

आता तर नाकाच उठला. मोबाइलवर आय आधी टाका, ई आधी टाका, यंत्र निमूटपणे बरोबर करून देतं. आमचा भाचा कुठलाही शब्द कसाही ठोकतो आणि पलीकडे शुद्ध पोचतो. मी त्याला रिसीव्हचं स्पेलिंग विचारलं तर म्हणाला, "मामा, टाइप करून बघू का?" मी नाही म्हटलं. त्याने तोंडी सांगितलं आणि बरोबर सांगितलं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

आणि गेल्या महिन्यात चमत्कार झाला. जुनं पावतीपुस्तक संपलं आणि चेअरमनसाहेबांनी नव्या छपाईचं काम माझ्याकडे दिलं. बहुधा वार्षिक सभा लवकर आटपावी म्हणून. मी प्रेसवर गेलो. संगणकासमोर विशीतला एक मुलगा बसला होता. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि फ्रेंचपासून सुरुवात करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "काका, नुसतं आर, सी, व्ही, डी टाकू का? सगळे तसंच लिहितात. जागा पण वाचेल."

मी गप्प झालो. ई नको, आय नको. एवढी शतकं ज्यांच्या पुढे-मागे उभं राहण्यावरून शाळा भरल्या आणि माणसं पाडली गेली, त्या दोघांनाही त्याने एका फटक्यात घरी पाठवलं होतं. रूझवेल्टना जमलं नाही ते या पोराने जागा वाचवायच्या निमित्ताने केलं. चुकायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "टाक." म्हणताना मोठं औदार्य केल्यासारखं वाटलं. घरी येऊन आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता तू टाकीवर बोल."

परवा पुस्तकं छापून आली. करकरीत, आकडे ठळक, सोसायटीचं नाव सोनेरी. पहिली पावती माझ्याच नावाने फाडली. मी वाचली. आर, सी, व्ही, डी. उत्तम. पुढे 'विथ'. उत्तम. पुढे 'थँक्स', आणि त्यातल्या के आणि एस यांच्या मध्ये वरच्या बाजूला लटकलेला एक ॲपॉस्ट्रॉफी. नको तिथे, बिनकामाचा, ठसठशीत.

मी खजिनदारांकडे पेन मागितलं. लाल आहे का, विचारलं. वार्षिक सभा सप्टेंबरात आहे.